चारोळीची फट

अंगठा थरथरायला लागला, तेव्हापासून चारोळीच्या बिया फोडायचं काम भाचीकडे गेलं. ती सुताराचा शिकंजा वापरते. बी त्यात उभी धरायची, हळूहळू आवळायची, सांध्यावर टिचकन वाजलं की थांबायचं. मला ते यंत्र आवडत नाही. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला बोटापेक्षा शहाणं काही असतं हे पटत नाही.

पण चार, म्हणजे चारोळीचं झाड, हट्टी. अख्खी बी पेरली तर कवच दाद देत नाही. ठेवून द्यावी तर आतला तेलकट गर खवटतो. उन्हाळ्यात पिकलेली बी पहिल्या पावसालाच मातीत गेली पाहिजे. फोडावी तर गराला ओरखडा जातो आणि तिथेच बुरशी धरते. जात्यावर भरडून काढलेली चारोळी श्रीखंडाला चालते, रोपाला नाही. मला हवी असते नुसती फट. पाणी आत जावं, मुंगी जाऊ नये. ती फट केवढी, या विचारात कितीतरी रात्री झोप उडाली आहे.

रुजली की सोटमुळाचा ताप. आखूड पिशवीत ते तळाशी वळतं आणि झाड जन्मभर खुरटं राहतं. शिवाय आमची कळमेश्वरची काळी जमीन पाणी धरून बसते, चारीला निचरा हवा. म्हणून संत्र्याच्या बांधावर, मुरूम उघडा पडलाय तिथे लावली.

चारीची फळं पाखरं खातात. हल्ली मात्र ‘पाखरांसाठी बाग’ करून देणारे कंत्राटदार कोनोकार्पस रांगेत उभे करतात. हिरवं दिसतं खरं, पण बुलबुलाने खायचं काय? जंगलातही चारीचे हाल आहेत. दुसऱ्याने तोडण्याआधी आपण तोडावं म्हणून कच्च्या फळांसकट फांद्याच खाली येतात. रानात राबणाऱ्याला मी दोष देत नाही. कच्चा माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला देतो.

यंदा शिकंज्यातल्या बिया माझ्या हातच्यांपेक्षा जास्त उगवल्या. “मामा, तुमचा अंगठा राहू द्या आता,” भाची म्हणाली. तरी पाहुणे आले की रोपं मीच दाखवतो, आणि शिकंजा तेवढ्यापुरता पोत्याखाली जातो.

बांधावरच्या जुन्या चारी उन्हाळ्यात काळ्या फळांनी लगडतात. ओळखीच्यांना एकच विनंती: पिशवी घेऊन येऊ नका. आधी बुलबुलांचं होऊ द्या. खाली पडलेल्या बिया आम्हाला लागतात.