चढाईपटू घ्यावा, पण कसा?

२०२५च्या पावसाळ्यात क्रिकेटपटू पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळणार, अशी बातमी आली. आमच्या अंबरनाथच्या कबड्डी संघात तेव्हा नेमका तशाच एका खेळाडूवरून वाद पेटला होता. उल्हासनगरच्या एका संघाने काढलेला चढाईपटू आमच्याकडे यायला तयार होता.

त्याचा खेळ मी जवळून पाहिलेला. बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून परत वळता वळता कोपरारक्षकाला हात लावायचा, समोरच्याला कळायच्या आत. पण पिणं, सराव बुडवणं, पंचांच्या अंगावर जाणं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

आमची मुलं एमआयडीसीतली पाळी संपवून थेट मैदानात येतात. नोकरी देणारी मोठी संस्था पाठीशी नाही. नावाजलेला खेळाडू अशा संघाकडे वळतो तो दुसरीकडची दारं बंद झाल्यावरच. शॉचं काय वेगळं झालं? हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेत ५४६ धावा, २०१८मध्ये पहिल्याच कसोटीत शतक. आणि २०२४च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रणजी संघातून बाहेर. पुढच्याच महिन्यात आयपीएलच्या लिलावातही कुणी बोली लावली नाही.

बैठकीत विरोध केला तो आमच्या सगळ्यात ज्येष्ठ खेळाडूने. दारूचा विषय त्याने काढलाच नाही. "उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून रोज येणाऱ्या पोराला आता राखीव बसवणार का?" एवढंच विचारलं. त्या प्रश्नावर आम्ही रात्री उशिरापर्यंत बोललो. ठरलं ते असं: त्या पोराची जागा जाणार नाही. नव्याला संघनायक करायचं नाही. सराव चुकवला तर सामना कितीही मोठा असो, तो बाहेर बसणार. हे सगळ्यांदेखत त्याला सांगितलं. आणि त्याच्या घरी जात राहायची जबाबदारी त्या ज्येष्ठ खेळाडूनेच आपण होऊन घेतली.

बदलापूरच्या एका स्पर्धेत कसोटी लागली. उपांत्यपूर्व फेरीआधी तो सरावाला फिरकला नाही. आम्ही त्याला बसवलं आणि हरलो. प्रेक्षकांनी शिव्या घातल्या, पण संघातलं कुणी कुरकुरलं नाही. तो सामना जिंकलो असतो, तर संघ गमावला असता असं मला आजही वाटतं.

तो सुधारला असं मी म्हणणार नाही. मध्येच गायब होतो, घरी जाऊन आणावं लागतं. शॉकडेच पाहा: महाराष्ट्राकडून पहिल्या रणजी डावात तो केरळविरुद्ध शून्यावर बाद झाला. पुढच्याच सामन्यात चंडीगडविरुद्ध त्याने २२२ केल्या. मधल्या दिवसांत धीर धरणारं कुणीतरी लागतं.

छोटे संघ चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे: असा खेळाडू जरूर घ्या. मात्र जुन्या संघाचं ना हरकत पत्र मागण्याआधी त्याच्या घरी जाऊन या. पडत्या काळात त्याच्या दारात जाणारा एकही माणूस तुमच्या संघात नसेल, तर त्याला घेऊ नका.