पॅड बांधून बसलेली मुलं

एप्रिल लागला की जोगेश्वरीत खांबाखांबाला शिबिरं लटकायला लागतात. क्रिकेट, स्केटिंग, कराटे, बुद्धिबळ आणि ‘व्यक्तिमत्त्व विकास’ नावाचं एक गूढ प्रकरण. मेघवाडीच्या नाक्यावर एका खांबाला चार-चार फलक, प्रत्येकावर हेल्मेट घातलेला तोच गोरटेला मुलगा कव्हर ड्राइव्ह मारतोय आणि खाली ‘प्रवेश मर्यादित’. नातू साडेसहा वर्षांचा झाला. मुलगा आणि सूनबाई सकाळची गाडी पकडणारी, तेव्हा त्याला कुठे घालायचं याची चौकशी माझ्याकडे आली. रिकाम्या माणसाकडे असली कामं येतात. खरं सांगायचं तर मला ती आवडतात.

मुळात मैदानं आहेत किती? आमच्या पूर्वेला वस्ती अशी काही वाढली की सहाव्या शतकातल्या जोगेश्वरीच्या लेण्यांनाही घरांनी चहूबाजूंनी वेढलं. हायवेलगतच्या टेकडीवर 1930 सालचं इस्माईल युसूफ कॉलेज आहे, तिथली झाडी बघून अजून डोळे निवतात. बाकी शाळांची पटांगणं, आणि हल्ली जाळी बांधून हिरवा गालिचा अंथरलेली, तासावर भाड्याने मिळणारी टर्फं. त्यावर पोरं पडली तरी गुडघ्याला माती लागत नाही. ही सोय की तोटा, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला तोटाच वाटतो.

एका नावाजलेल्या अकादमीच्या कुंपणाशी मी तासभर उभा राहिलो. दोन नेट, एक सर आणि तीसेक मुलं. मोठ्या मुलांचं एका नेटमध्ये झकास चाललं होतं. दुसऱ्यासमोर लहानग्यांची रांग. प्रत्येकाला सहा चेंडू, मग पुन्हा रांगेच्या शेपटाला. शेवटून दुसरा एक मुलगा होता, डोक्यापेक्षा मोठी टोपी घातलेला. आधी त्याने पॅडचे पट्टे चर्र चर्र करत सोडले, मग लावले, मग परत सोडले. ते संपल्यावर बॅटच्या टोकाने लाल मातीत एक चर खणला आणि मुंगळ्यांची रांग त्यातून वळवायचा खटाटोप मांडला. नंबर आला तेव्हा त्याला ढकलून पुढे पाठवावं लागलं. पहिले दोन चेंडू त्याला दिसलेच नसावेत. सर वाईट नव्हते, थकलेले होते. मला म्हणाले, “काका, ज्याच्यात आहे तो आम्हाला लगेच कळतो.” ज्याच्यात नाही त्याचं काय करता, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

त्याच रात्री न्यू जर्सीहून लेकीचा फोन. तिची पाच वर्षांची मुलगी टी-बॉल खेळते, म्हणजे लहानग्यांचं बेसबॉल. त्यात चेंडू टाकणारा कोणी नसतोच. रबरी दांडीवर चेंडू ठेवतात, पोरं तो हाणतात आणि कधीकधी दांडीच हाणतात. “तू लीग कशी निवडलीस?” मी विचारलं. “निवडली कुठे बाबा, पत्त्यावर ठरली,” ती म्हणाली. मुलांच्या बेसबॉलची तिकडची संघटना म्हणजे लिटल लीग, तिचा तसा नियमच आहे. घर किंवा शाळा ज्या हद्दीत, तिथेच मुलाने खेळायचं. मला तो नियम फार शहाणपणाचा वाटला, कारण आपल्याकडे सगळं उलटं. पृथ्वी शॉ विरारहून वांद्र्याच्या शाळेत यायचा, किट सांभाळत, त्या गर्दीतून. पुढे 2013 साली शाळांच्या हॅरिस शील्ड स्पर्धेत त्याने एका डावात 546 धावा केल्या म्हणून ते कष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण विरारच्या गाडीत तशी किट बॅग घेऊन किती पोरं लोंबकळली असतील आणि त्यांचं पुढे काय झालं, ते कोणी सांगत नाही.

लिटल लीग 1939 साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यमस्पोर्टला कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थाने काढली, ती मुळात आपल्या भाच्यांना खेळायला मिळावं म्हणून. तीन संघ होते. त्याने केलेली खरी करामत म्हणजे मैदानच लहान केलं. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये दोन बेसमध्ये 90 फूट, मुलांसाठी 60. आता तर आठ वर्षांच्या मुलाने दिवसाला 50 हून जास्त चेंडू टाकायचे नाहीत, असाही दंडक आहे. खांदा पुढे आयुष्यभर वापरायचा असतो. आणि प्रत्येक मुलाला बॅट हातात मिळालीच पाहिजे, हे प्रशिक्षकाच्या मर्जीवर ठेवलेलं नाही. तिकडे सगळंच गोडीगुलाबीचं आहे असं मात्र नाही. मूल नऊ-दहाचं झालं की आईबाप फिरत्या संघांमागे लागतात आणि शनिवार-रविवार गाडीत जातात, हेही लेकीनेच सांगितलं. आमची नात मात्र तूर्त मैदानाच्या टोकाला पिवळी रानफुलं गोळा करते.

रांगेतल्या त्या टोपीवाल्यावरून मला राहून राहून 1988 आठवत होतं. फेब्रुवारी, आझाद मैदान, हॅरिस शील्डचा उपांत्य सामना. शारदाश्रम शाळेकडून कांबळी नाबाद 349, तेंडुलकर नाबाद 326, अभेद्य भागी 664. हे मुंबईत सगळ्यांना पाठ. त्यांच्यानंतर फलंदाजीला जायचं होतं अमोल मुजुमदारला. तो पॅड बांधून बसला आणि बसूनच राहिला. समोर सेंट झेवियर्सची पोरं चेंडूमागे धावत होती, त्यांत साईराज बहुतुले गोलंदाजी करत होता. तो पुढे भारताकडून खेळला. मुजुमदारने रणजी पदार्पणातच 260 धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर गेला, तरी भारताची टोपी त्याला मिळाली नाही. मग 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता. त्या रात्री माझ्याही घशात आवंढा आला. पण लगेच जो तो म्हणू लागला की बघा, वाट पाहण्याने माणूस घडतो. असं म्हणणाऱ्यांना साडेसहा वर्षांच्या पोराबरोबर एकदा बँकेच्या रांगेत उभं करावं. मुजुमदार तेव्हा तेरा वर्षांचा होता, आपण कशासाठी बसलोय हे त्याला ठाऊक होतं. टोपीवाल्याला मुंगळे ठाऊक होते.

मी स्वतः शाळेत खो-खोवाला. आमच्या खेळात आठ जण उकिडवे बसतात, आलटून-पालटून उलटसुलट तोंडं करून, आणि नववा धावतो. बसलेला प्रत्येक जण कान पाठीला लावून असतो, कारण खो कुठल्या क्षणी येईल याचा नेम नाही. आला की उठायचं, आवाज विरायच्या आत उठायचं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली याचे नियम बसवायला घेतले, आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, तेव्हा आपल्या दोन्ही संघांनी तो जिंकला. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. तरी आमच्या खांबांवर खो-खोचा एक फलक नाही. नातवाला मी हे सगळं रंगवून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पण त्यात बॅट असते का?”

तेव्हा क्रिकेट ठरलं. जागा मात्र फलकावरून मिळाली नाही, शाळेच्या शिपायाने सांगितली. घरापासून चालत दहा मिनिटांवर एक पटांगण. टेनिस बॉल. सरांनी चुन्याने तीन आखूड खेळपट्ट्या आखलेल्या, मोठ्यांच्या बावीस यार्डांच्या पाऊणपट. एकीवर मारायचं, दुसरीवर टाकायचं, तिसरीवर नुसतं झेलायचं. शिट्टी वाजली की तिन्ही घोळके जागा बदलतात. रांग नावाची वस्तू नाही. एक गुबगुबीत मुलगी झेल सोडून सोडून रडकुंडीला आली, तशी सरांनी तिच्यापासून चार पावलांवर उभं राहून अगदी पोटाशी येतील असे चेंडू टाकले, एक पकडेपर्यंत. मी तिथेच फॉर्म मागितला.

घरी उलटतपासणी झाली. सूनबाई म्हणाली, “प्रमाणपत्र देतात का?” नाही. “सर कुठपर्यंत खेळलेत?” कांगा लीग. “म्हणजे पावसातलं ते?” हो, पावसातलंच, 1948 पासून मुंबईत चिखलात क्रिकेट शिकवणारं. मुलगा हसला. फी अकादमीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी आहे हे मी मुद्दाम शेवटी सांगितलं, नाहीतर स्वस्त म्हणून नाकारलं असतं.

पहिला आठवडा झाला. त्याला कव्हर ड्राइव्ह येत नाही, येण्याची घाईही दिसत नाही. सरांनी रोज एका मुलाला अंपायर करायची पद्धत ठेवली आहे, त्यामुळे काल रात्री जेवताना भात तसाच ठेवून स्वारी विचारात पडली होती. “आजोबा, उद्या माझा नंबर आहे. सरांना आउट दिलं तर चालतं का?”

“स्टंपसमोर पायाला लागला तर द्यायचं,” मी म्हटलं. “आणि ते काहीही म्हणाले तरी बोट खाली घ्यायचं नाही.”