हारपलं नाही, तरी

वाशीम जिल्ह्यातला नाला पाहावा तो कार्तिकात. श्रावणात तो मातीच्या रंगाचा आणि घाईत असतो, चैत्रात नुसती दगडांची ओळ उरते. कार्तिकात पाणी निवळतं, तळाचा गोटा न् गोटा दिसतो. सोयाबीन निघालेल्या वावरांच्या धुऱ्यानं तूर पिवळी फुललेली असते आणि काठावरचा तरोटा वाळून शेंगा वाजवू लागतो. मालेगाव तालुक्याच्या डोंगराळ अंगाला असे कितीतरी नाले आहेत. ते उतरत उतरत काटेपूर्णेला मिळतात, काटेपूर्णा पूर्णेला, पूर्णा तापीला, आणि ते पाणी अरबी समुद्राला जातं. जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला पडलेला पाऊस मात्र अरुणावती, अडाण करत पैनगंगेत उतरतो आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा बंगालच्या उपसागराला पोचतो. दोन्हीकडच्या प्रवासात एक गोष्ट सारखी आहे. काटेपूर्णेला समुद्र ठाऊक नसतो, तिला फक्त पूर्णा ठाऊक असते.

जिओकॅशिंगचा टप्प्याटप्प्यांचा खेळ अगदी असाच चालतो. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जगाला सांगतो. पण टप्प्यांच्या खेळात तो शेवटची जागा सांगतच नाही. सांगतो ती पहिली. पहिल्या जागी दुसरीचा पत्ता, दुसरीत तिसरीचा, आणि सगळ्यात शेवटी डबा. डब्यात एक वही असते, तिच्यात नाव लिहायचं. आतली एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. आणि एक नियम मला फार आवडतो: डबा जमिनीत पुरायचा नाही. लपवायचा, पण पुरायचा नाही.

या खेळाला जन्मतारीख आहे. अमेरिकेनं आपल्या जागा दाखवणाऱ्या उपग्रहांच्या नागरी संदेशांत मुद्दाम घातलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. शंभर मीटरच्या आसपास भरकटणारं यंत्र त्या एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आलं. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ओरेगन राज्यात पोर्टलंडजवळच्या रानात एक बादली ठेवली आणि तिचे आकडे जाहीर केले. नवी अचूकता हाती आल्यावर एका माणसाला पहिल्यांदा सुचलं ते हे: अनोळखी माणसासाठी काहीतरी लपवून ठेवावं. मला यात माणसाच्या जातीबद्दल मोठा दिलासा वाटतो.

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीची मुलं आली, गावातली त्यांच्या वयाची पोरं मिळाली, आणि मी नाल्याकाठी त्यांच्यासाठी असा खेळ मांडला. राखीव जंगलात काही ठेवून येणं बरोबर नाही, म्हणून गावशिवारातलाच नाला धरला. पहिला टप्पा कोल्हापुरी बंधारा. तिथं डबा नव्हता, चिठ्ठीही नव्हती. बंधाऱ्याचे गाळे मोजायचे आणि तो आकडा पुढच्या रेखांशातल्या रिकाम्या घरात भरायचा. काठाशी गाळानं बुजलेला शेवटचा गाळा धरायचा की नाही, यावर मोठी चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती, कारण या आकड्यांचा हिशेब कडक आहे. हे रेखांश अंश आणि मिनिटांत लिहितात, मिनिटाची तीन दशांश घरं धरून. वाशीमच्या अक्षांशावर शेवटच्या घरात एकाची चूक झाली तर माणूस पावणेदोन मीटर सरकतो, पहिल्या घरात झाली तर पावणेदोनशे. म्हणजे थेट कुणाच्या तरी तुरीत. रोज ज्या बंधाऱ्यावरून उड्या मारत शाळेत जातात, त्याला गाळे किती हे गावातल्या पोरांनी त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं.

दुसरा टप्पा अर्जुनाच्या झाडाशी. पुरानं मुळांखालची माती नेलेली, मुळं उघडी पडून पाण्यावर झुकलेली. इथं फोनवरचा ठिपका भरकटू लागला. वीस हजार किलोमीटर वरून येणारा संदेश दाट पानांतून गाळून येतो, काठाला आणि खोडाला आपटून येतो, आणि यंत्राला वाटतं माणूस नाल्याच्या पलीकडे उभा आहे. "मामा, आपण पाण्यात आहो असं दाखवतंय," धाकटी म्हणाली. मग फोन खिशात गेले आणि हात बाहेर आले. पायजम्यांना कुसळं चिकटली, बेशरमाच्या जाळीत ओरखडे उठले, एकाला मुळाच्या बेचक्यात पत्र्याचा तुकडा लागला. त्यावर तिसऱ्या टप्प्याची खूण मी लिहून ठेवली होती: दोन नाले मिळतात तिथं जा, ज्याचं पाणी थंड लागेल त्याच्या काठानं वर चढा.

हा टप्पा बांधताना मला सगळ्यात जास्त सुख झालं होतं. एक नाला उघड्या वावरांतून येतो, दुसरा झाडीच्या सावलीतून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. उत्तर पाण्यातच आहे आणि ते हाताशिवाय मिळत नाही. सगळी पोरं गुडघ्यांवर बसून एक हात इकडे, एक हात तिकडे घालून बसली आणि बराच वेळ कुणी उत्तर सांगेना. सगळ्यांना ते कळलं होतं. हात काढावेसे वाटत नव्हते.

तिथंच गुरं घेऊन एक म्हातारे गुराखी आले. काठी टेकवून त्यांनी आम्हाला पाहिलं आणि विचारलं, "काही हारपलं काय भाऊ?"

"नाही बाबा."

"हारपलं नाही तं मंग हुडकून काय रायले?"

हा प्रश्न मी मनात घेऊन हिंडतो आहे, कारण वाशीमची माती याच प्रश्नाची आहे. या गावात एकशे आठ तीर्थं होती असं जुनं माहात्म्य सांगतं. पद्मतीर्थ आजही डोळ्यांसमोर आहे, पण कितीतरी जागा घरांखाली, रस्त्यांखाली गेल्या. बालाजीच्या मूर्तींची गोष्ट तर इथं घरोघरी माहीत. औरंगजेबाच्या काळात भयानं त्या जमिनीत पुरल्या, पुरणारे गेले, ठिकाण सांगणारा कुणी उरला नाही. पुढे एका घोडेस्वारानं सहज काठीनं माती उकरली आणि मूर्तीचं बोट दिसलं, असं सांगतात. त्यानंतर भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी मंदिर बांधलं. वऱ्हाडात ज्वारीही जमिनीत ठेवत, पेवांत. पण पेवाचं तोंड घरातल्या माणसाला ठाऊक असे. भयानं पुरलेल्या वस्तूला पुढचा टप्पा नसतो, ती कुणाच्या तरी काठीची वाट पाहते.

आणि तरी टप्पे जुळतात. १९३९ साली वाशीमला एक ताम्रपट सापडला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती, राज्यवर्ष ३७, नांदेडकडच्या भागातल्या एका गावाचं दान, आणि लेख सुटला तो वत्सगुल्माहून, म्हणजे याच वाशीमहून. इथून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. त्याची अक्षरं झिजलेली. थोर विद्वानांनी तो वाचला होता, पण काही राजांची नावं नीट लागली नव्हती. ताम्रपटातली वंशावळ हाती आली तेव्हा वासुदेव विष्णु मिराशींनी लेण्यातला लेख पुन्हा वाचला. सर्वसेन, विंध्यसेन ही नावं आपापल्या जागी बसली आणि वत्सगुल्मात नांदणारी वाकाटकांची वेगळी शाखा इतिहासात उभी राहिली. वाशीमच्या तांब्यानं अजिंठ्याच्या भिंतीचा पत्ता दिला. कोरणाऱ्यांनी एकमेकांची अक्षरं पाहिली नसतील, त्यांच्यामध्ये जवळजवळ शतक होतं. मिराशींचं काही हारपलेलं नव्हतं. त्यांनी हुडकलं, आणि आम्हाला आमचं गाव मिळालं.

गुराखीबाबांना एवढं सगळं सांगितलं नाही. डबा आहे, पोरं शोधताहेत, इतकंच सांगितलं. त्यांना ते पटकन पटलं. शिंदीच्या झुडपाखाली, दोन दगडांच्या सांदीत, सालीनं झाकलेला स्टीलचा डबा निघाला तेव्हा ते आमच्यातच उभे होते. पोरांनी वहीत नावं लिहिली. धाकटीनं आतली गोटी घेतली, आपली रबराची टोपी ठेवली. बाबांनी पेन्सिल हातात घेतली, पाहिली, आणि परत दिली. मग त्यांनी मुलांना नाल्याच्या वळणावरची कोरडी वाळू दाखवली. चैत्रात सगळा नाला आटला की याच जागी ते झिरा करतात. हातभर उकरलं की पाणी लागतं. दोन पावलं अलीकडे किंवा पलीकडे उकरलं तर लागत नाही. ही जागा त्यांना त्यांच्या आजानं दाखवली.

पोरांनी लगेच फोन काढले, त्या जागेचे आकडे टिपायला. बाबांनी हात आडवा केला. "आकडे कायले? चैत्रात या, मी दाखोतो." मोठ्या भाच्यानं फोन खिशात ठेवला आणि चैत्र नेमका कोणत्या तारखेला लागतो ते मला विचारू लागला. शाळेची परीक्षा त्याच्या आधी संपते की नंतर, हे त्याला पाहायचं होतं.