४.१ गिगाहर्ट्झ गेले कुठे?

ओव्हरक्लॉकिंगची दंतकथा म्हणजे १९९८ चा सेलेरॉन ३००ए. बस ६६ ची १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा. दीडपट वेग, तोही फुकट! तेव्हापासून प्रत्येक पिढीला वाटतं की आपल्याही चिपमध्ये असाच खजिना पुरलाय.

माझ्या मावसभावालाही वाटलं. पठ्ठ्या कोथरूडमध्ये राहतो, नोकरी सांभाळून लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मशीन रायझन ५ ३६००, २०१९ चं मॉडेल. त्याने बायोसमध्ये पीबीओ चालू केलं, म्हणजे विजेची मर्यादा सैल केली, आणि वर व्होल्टेज ०.१ ने उतरवलं. व्होल्टेज कमी, गरमी कमी, म्हणून वेग जास्त, असं गणित. स्क्रीनवर ३.९५ चे ४.१ गिगाहर्ट्झ झालेही. पण सिनेबेंच आर२० चा स्कोअर ३५८० वरून ३३४०!

"दादा, बोर्डच भिकार आहे," इति साहेब. नवा बोर्ड कार्टमध्ये टाकून तयार, तोही पुढच्या लग्नाच्या अ‍ॅडव्हान्समधून.

म्हटलं थांब जरा. टेंपरेचर पाहिलं, सत्तरच्या आसपास. या चिपची मर्यादा ९५, म्हणजे गरमी निर्दोष. रॅम ३२०० वर, दोन्ही काड्या योग्य जागी. मग एचडब्ल्यूइन्फोमध्ये खाली सरकलो. तिथे 'कोर क्लॉक' आणि 'इफेक्टिव्ह क्लॉक' अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. पहिली म्हणत होती ४.१, दुसरी ३.७. टाइमशीटवर नऊ तास आणि काम आठ तास, असला प्रकार. (आपल्याला काय नवीन!)

याला क्लॉक स्ट्रेचिंग म्हणतात. लोड आला की व्होल्टेज क्षणभर घसरतं. आधीच ते कमी ठेवलेलं असलं तर चिप हँग होण्याऐवजी आपला एकेक ठोका लांबवते. ठरवलेला वेग स्क्रीनवर तसाच दिसतो, प्रत्यक्षात ठोके कमी पडतात. क्रॅश नाही, एरर नाही, म्हणून तर संशय येत नाही.

व्होल्टेज पूर्ववत केलं. स्कोअर ३६१०. पण गड्याचं समाधान होईना. मग सगळे कोर ४.२ वर बांधून पाहिले. स्कोअर ३७६०, टेंपरेचर ८८, आणि पंख्याचा आवाज मिक्सरसारखा. पाच टक्के! आणि ४.२ हा तर या चिपचा कंपनीनेच दिलेला बूस्ट. सेलेरॉनच्या काळी जी गुंजाइश आपल्यासाठी उरायची, ती आता बूस्टच्या नावाखाली कारखान्यातच वापरून टाकतात.

फॅक्टरी सेटिंगवर आणून ठेवलं आणि बोर्ड कार्टमधून काढला. निघता निघता सहज विचारलं, "फुटेजचा बॅकअप कुठे ठेवतोस रे?"

"कसला बॅकअप?"

तीन लग्नं. एका डिस्कवर. कार्टमध्ये तिथल्या तिथे दोन हार्ड डिस्क टाकायला लावल्या.