जीपचे दोन खटके

१९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. त्यानंतर विदर्भातून इथे नोकरीला आलेल्या अनेक घरांपैकी आमचं एक. रिसालीत घर आणि दारात जुनी महिंद्रा जीप. मागच्या वर्षी ह्यांच्या कंबरेचं ऑपरेशन झालं आणि मुलगा म्हणाला, ‘‘आई, जीप विकू या. चाकांशी बसून ते खटके आता कोण फिरवणार?’’

आठवडाभर घरात अबोला. शेवटी मीच ह्यांना म्हटलं, ‘‘मला शिकवा.’’

इंजिनाची ताकद एरवी मागच्या चाकांनाच जाते. छोटा लिव्हर ओढला की ट्रान्स्फर केस पुढचा ॲक्सलही जोडतो आणि दोन्हीकडचे शाफ्ट एकाच गतीने फिरू लागतात. पण वळणावर पुढची चाकं मोठा फेरा घेतात. चिखलात चाक जरासं घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर मात्र टायर घासतात, स्टिअरिंग जड होतं, गिअरांवर ताण येतो. म्हणून पक्क्या सडकेवर लिव्हर मागे.

‘‘मग खटके कशाला?’’ मी विचारलं. तर म्हणे, लिव्हर मागे घेतला तरी धावती पुढची चाकं आतला शाफ्ट, डिफरन्शियल सारं फुकट फिरवत राहतात. झीज होते, डिझेलही थोडं जास्त जळतं. हबवरचा खटका ‘फ्री’ केला की चाक एकटंच फिरतं, आतलं सगळं स्वस्थ. ‘लॉक’ केला की चाक शाफ्टशी जुळतं. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. एक ‘फ्री’ राहिली तर पुढची ताकद त्या मोकळ्या शाफ्टला गरगर फिरवण्यात जाते, दुसरं चाक ढिम्म!

नव्या काही गाड्यांत हे काम बटण दाबून होतं. होवो बापडं.

भाद्रपदात नणंदेकडे सासूबाई आजारी पडल्या. गाव गुंडरदेहीच्या पलीकडे, शेवटचा रस्ता कन्हार मातीचा, म्हणजे आपली काळी माती. पदर खोचून मी दोन्ही खटके लॉक केले, मुलाने लिव्हर ओढला. सासूबाईंना घेऊन डांबरी सडकेला लागलो, तशी पुन्हा उतरून मी ते फ्री केले. त्या मागून कण्हत म्हणाल्या, ‘‘ही सारखी चाकांशी काय करते रे?’’ सेक्टर नऊच्या इस्पितळात त्या वेळेवर पोचल्या, आठ दिवसांत घरी आल्या.

मिस्त्री म्हणतात, खटके महिन्यातून एकदा फिरवा, नाहीतर जाम होतात. किराण्याच्या यादीखाली मी तेही लिहून ठेवते.