सर्वांत श्रेष्ठ गाडीवान कोण? – मराठी निबंध



सर्वांत मोठा फलंदाज कोण, सर्वांत मोठी गायिका कोण, असे निबंध तुम्ही पुष्कळ वाचले असतील. आज आपण आपल्या वाळूतला विषय घेऊ. अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या किनाऱ्यावर शर्यतीचे दिवस आले की शाळेत, एस.टी.च्या थांब्यावर आणि मासळी बाजारात एकाच प्रश्नावर भांडण जुंपतं. सगळ्यांत भारी गाडीवान कोण?

आमच्या नववीच्या वर्गात मी हा विषय वादविवादाला दिला आणि पहिल्या पाच मिनिटांत वर्गाची चावडी झाली. "सर, माजा मामाच एक लंबर! गारी हाकत नाय तो, उरवतो!" (आमच्याकडे 'ड' चा 'र' होतो, वहीत मात्र 'ड' च लिहायचा.) लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "तुजा मामा तीन वेला जितला, आमचा काका सात वेला." मी फळ्यावर आकडे लिहीत गेलो. थोड्या वेळानं लक्षात आलं की मुलं गाडीवानाबद्दल बोलतच नव्हती. बैल कुणाचे, किती लाखांचे, कुठल्या गावचे, बक्षिसात काय मिळालं, हे सगळं तोंडपाठ होतं. गाडीवान कसा हाकतो, हे विचारल्यावर वर्ग गप्प झाला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. पुणे जिल्ह्यातल्या घाटात बैलगाडा पळतो तेव्हा गाड्यावर माणूस नसतो, पुढे घोडीस्वार धावतो. आपल्याकडे समुद्राच्या वाळूत बैलगाडी पळते, घोडागाडीही पळते, आणि गाडीवर हाकणारा असतो. खुणेपासून खुणेपर्यंत पळण्यात काय अवघड, असं लांबून वाटतं. पण ही धावपट्टी दिवसातून साधारण दोनदा पाण्याखाली जाते हे विसरू नका.

म्हणून इथली शर्यत आधी पंचांगात ठरते. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला हिशेब तुम्हाला घरी कुणीतरी शिकवलाच असेल. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी भरती आणि संध्याकाळी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, त्यामुळे त्या संध्याकाळी वाळूचा पट्टा सर्वांत रुंद मिळतो. याच ओहोटीत लोक कुलाबा किल्ल्यात चालत जातात. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण घड्याळ नव्हतं तेव्हापासून चालत आला आहे.

आता पाणी उतरलं म्हणजे सगळी वाळू सारखी झाली असं नाही. वरची कोरडी वाळू भुसभुशीत, तिच्यात चाक रुततं. खाली पाण्याच्या कडेला वाळू ओली असते, पाय ओढते. मधला एक पट्टा असतो, पाणी नुकतंच निथळलेला, पाय आपटला तर घट्ट वाजणारा. गाडीवानाला तोच पट्टा धरायचा असतो, आणि तो सरळ रेषेत नसतो. कुठे ओढ्याचं पाणी वाळू कापून समुद्राला मिळालेलं असतं, कुठे लाटांनी खळगे केलेले असतात. बाजूला दुसरी गाडी अंगावर येत असते आणि दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, तीही दर मिनिटाला आत सरकणारी. अशा वेळी डोळे वाळूवर आणि हात कासऱ्यावर. आमच्या गावातले एक म्हातारे गाडीवान, आता गाडी सोडून वीसेक वर्षं झाली असतील, मला म्हणाले होते, "गुरुजी, बैल त्याच्या पायानं पलतो. आपण फकत त्याच्या आर नाय यायचा."

हे वाक्य मी वर्गात सांगितलं आणि वादाला जरा दिशा आली.

जगात हा वाद काही आपल्यापुरता नाही. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, स्वीडन अशा देशांत हार्नेस रेसिंग नावाची घोडागाडीची शर्यत चालते. सल्की नावाच्या दोन चाकांच्या हलक्या गाडीत चालक बसतो. गंमत म्हणजे तिथे घोड्यानं चौखूर उधळायचं नसतं, ठरलेल्या दुडक्या चालीतच पळायचं असतं. चाल मोडली तर चालकानं त्याला आवरून पुन्हा चालीवर आणायचं, तोवर बाकीचे पुढे निघून जातात. म्हणजे पळवण्याइतकीच आवरण्याची परीक्षा. तिथेही श्रेष्ठ कोण यावर एकमत नाही. कॅनडाच्या एर्व्हे फिलियोननं १५,००० हून अधिक शर्यती जिंकल्या. २०१२ साली अमेरिकेच्या डेव्ह पेलोननं त्याला मागे टाकलं. पण पेलोनचे बरेचसे विजय पिट्सबर्गजवळच्या एकाच मैदानावरचे, असं म्हणणारे लोक जॉन कॅम्पबेलचं नाव घेतात. का, तर १९२६ पासून चालत आलेली हॅम्बल्टोनियन ही मानाची शर्यत त्यानं ६ वेळा जिंकली. मामा तीन वेळा की काका सात वेळा, हाच वाद, फक्त शून्यं जास्त.

आणखी मागे गेलो तर रोममध्ये दुसऱ्या शतकात गायस अप्पुलेयस डायोक्लीस नावाचा रथचालक होऊन गेला. त्याच्या नावाच्या शिलालेखात हिशेब कोरला आहे: २४ वर्षं, ४,२५७ शर्यती, १,४६२ विजय. वर्गातल्या एका हुशार मुलानं लगेच भागाकार केला आणि म्हणाला, "सर, म्हणजे तीनातल्या जवळजवळ दोन शर्यती तो हरला." बरोबर आहे. आणि तरीही अठराशे वर्षांनी आपण त्याचं नाव घेतो, कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं.

त्याच्या आधी ग्रीसमध्ये उलटा प्रकार होता. ऑलिंपिकमध्ये चार घोड्यांच्या रथाचा मुकुट हाकणाऱ्याला मिळत नसे, घोड्यांच्या मालकाला मिळे. स्पार्टाची राजकन्या किनिस्का इसवी सन पूर्व ३९६ मध्ये रथशर्यतीची विजेती ठरली, तिनं रथ हाकला नव्हता. तिचा रथ कुणी हाकला? पुस्तकांत उत्तर नाही. आणि आपल्या किनाऱ्यावरचा लाऊडस्पीकर ऐका. "अमुक शेठ यांची गाडी पहिली!" बैलांची नावं येतात, गावाचं येतं, प्रायोजकाचं तर तीनदा येतं. गाडीवान तोवर खाली उतरून बैलांच्या नाकावर पाणी मारत असतो. आपण या बाबतीत रोमपेक्षा ग्रीसच्या जवळचे आहोत.

निबंधात आपल्या परंपरेतलं उदाहरण द्या, असं मी नेहमी सांगतो. इथे उदाहरणांची वाण नाही. महाभारतात सारथ्यांची एक रांगच उभी आहे. आपल्या विदर्भाशी जोडलेला नल घ्या. बाहुक बनून तो ऋतुपर्ण राजाचा रथ अयोध्येहून विदर्भाला एका दिवसात नेतो. त्यानं निवडलेले घोडे दिसायला इतके किडकिडीत होते की राजाच साशंक झाला. वाटेत राजाचं उपरणं उडालं, तो म्हणाला थांब, तर बाहुक म्हणाला, ते एक योजन मागे राहिलं. वेगाचं इतकं साधं वर्णन मला दुसरीकडे भेटलं नाही. दुसरा शल्य. हात कसलेले, पण जीभ कर्णाचं मन खच्ची करणारी. आणि तिसरा अर्थातच श्रीकृष्ण. गीतेमुळे आपण त्याचं सारथ्य विसरतो. जयद्रथवधाच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत काम उरकायचं असताना, अर्जुनाचे घोडे थकले, बाणांनी जखमी झाले. तेव्हा भर रणात श्रीकृष्णानं घोडे सोडले, त्यांच्या अंगातले बाण काढले, त्यांना पाणी पाजलं, आणि मग पुन्हा जुंपले.

हा प्रसंग मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण मला वर्गाला एक पाहिलेली गोष्ट सांगायची होती. दोन वर्षांपूर्वीच्या एका शर्यतीत, गाव सांगत नाही, एक जोडी स्पष्ट पुढे होती. मध्यावर डाव्या बैलाचं पाऊल किंचित आखूड पडलं. आम्हा प्रेक्षकांना ते कळलंही नाही. गाडीवान मात्र उभा राहिला, कासरा अंगाशी ओढला आणि गाडी हळूहळू पाण्याच्या बाजूला घेत थांबवली. लोक ओरडले. मालकाची माणसं धावत आली ती शिव्या देतच. तो शांतपणे उतरला, बैलाचा पाय उचलला, खुराच्या फटीतून शिंपल्याचा तुकडा काढला आणि समुद्राच्या पाण्यानं जखम धुतली. लाऊडस्पीकरवर "गाडी बाद" एवढंच ऐकू आलं.

"मग तो श्रेष्ठ की नाही?" मी विचारलं.

"सर, हरला तो हरला," सात वेळावाला पुतण्या म्हणाला. "पुरच्या वेला मालक त्याला गारी देल का?" प्रश्न खरा आहे. गाडीवानाचं पोट मालकाच्या मर्जीवर असतं आणि मालकानं बैलावर कर्ज काढलेलं असू शकतं. कृष्णाला घोडे सोडताना ही काळजी नव्हती. माझं मत मात्र त्या दिवसापासून पक्कं आहे. ज्याला बैलाचं आखूड पडलेलं पाऊल आमच्या आधी कळलं आणि जिंकत असताना ज्याचा हात थांबला, त्याच्यापुढे मला मामा-काकांचे आकडे फिके वाटतात. ते मत मी वर्गावर लादलं नाही. मतदान घेतलं, तर तो गाडीवान दोन मतांनी हरला.

मग खिडकीजवळच्या मुलीनं हात वर केला. "पण सर, बैलाला पळायचंच नसेल तर?"

या प्रश्नाला टाळून हा निबंध लिहिता येणार नाही. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर आपल्या बैलगाडी शर्यतीही बंद केल्या. बैलाचं शरीर घोड्यासारखं धावण्यासाठी घडलेलं नाही, हे त्या निकालात मान्य केलं होतं. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात बदल केला, १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं बदललेला कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलाची पशुवैद्यकीय तपासणी लागते, आणि काठी, चाबूक, टोचणं यांना बंदी आहे. नियम कागदावर चांगले आहेत. वाळूवर ते किती पाळले जातात, हे ठिकाणाठिकाणावर अवलंबून असतं, हे मुलांनाही माहीत आहे.

मला यात गाडीवानाचा धडा दिसतो. काठी असताना कुणीही बैल पळवेल. काठी काढून घेतल्यावर उरतो तो आवाज, कासरा आणि वर्षभर स्वतःच्या हातानं घातलेला चारा. त्या म्हाताऱ्यांना मी विचारलं होतं, काठीशिवाय जमेल का? ते म्हणाले, "ज्याला काठी लागतं, त्यानं बैल वलखलाच नाय." मुलीचं यानं समाधान झालं नाही. "म्हणजे ओळखीच्या माणसासाठी पळतो, स्वतःसाठी नाही," ती म्हणाली. मी तिला तो मुद्दा तसाच निबंधात लिहायला सांगितला. तिला दहापैकी नऊ दिले, एक गुण ऱ्हस्व-दीर्घात गेला.

त्या तासातून एक वही मात्र निघाली. शर्यत पाहायला जाणाऱ्या मुलांनी ती बरोबर न्यायची. रकाने असे आखले: तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, मालक, बैलांची नावं, गाडीवानाचं पूर्ण नाव. शेवटचा रकाना खिडकीजवळच्या मुलीनं जोडला: 'शर्यत संपल्यावर गाडीवानानं सर्वांत आधी काय केलं?' पहिल्या शर्यतीत पोरं वही घेऊन एका गाडीवानासमोर उभी राहिली तेव्हा तो दचकला. "कशाला रं नाव? पोलिसात देताव का?" मग शाळेचं आहे म्हटल्यावर हसला, पण स्वतःचं नाव सांगायच्या आधी दोन्ही बैलांची नावं लिहून घ्यायला लावली आणि बरोबर लिहिलीत का, ते वाचून दाखवायला सांगितलं. त्यातल्या एका नावाचं शुद्धलेखन आमच्या वर्गात अजून ठरलेलं नाही.