सहाचे बारा

जुन्या वस्तूंवर जीव लावणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिला पंथ वस्तू पुसूनपासून ठेवतो आणि तिला कुणाला बोट लावू देत नाही. दुसरा तिला रोज कामाला जुंपतो आणि त्यासाठी तिच्यात काही ना काही बदलतही राहतो. पोथीतले लेखनिकाचे चुकलेले अक्षर सुधारून छापावे की जसेच्या तसे ठेवावे, या वादात आम्हा मराठीच्या प्राध्यापकांची दुपारची चहाची सुट्टी कितीदा तरी बुडाली आहे. हाच वाद एका ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून रंगू शकतो, हे मात्र मला २०१८ च्या उन्हाळ्यात मिशिगनमध्ये कळले.

माझे थोरले बंधू तिकडे असतात. डेट्रॉइटपासून तासाभराच्या अंतरावर त्यांचे घर आहे, मागे पाचएक एकर जमीन आहे आणि शेडमध्ये १९४९ सालचा फोर्ड एट-एन ट्रॅक्टर आहे. राखाडी पत्रा, तांबडे पोट, आणि बसायला पत्र्याची एक खोलगट बैठक. १९४७ ते १९५२ या काळात असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर निघाले, आणि त्यांतले पुष्कळ अजून कामे करतात. या घराण्याचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. हेन्री फोर्ड आणि हॅरी फर्ग्युसन यांनी १९३८ साली नुसत्या हस्तांदोलनावर भागीदारी ठरवली. कागद नाही, सही नाही. पुढे ती मोडली, कज्जा चालला आणि १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर मिटला. तोंडी व्यवहाराचा शेवट सगळीकडे सारखाच!

दादाने हा ट्रॅक्टर शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून घेतला तो हौसेने. पण आता हौस राहिली नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. फावड्याने बर्फ उपसायचे नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. रस्त्यापासून घरापर्यंतची वाट तीनशे फूट. ट्रॅक्टरच्या मागे पाते जोडून ती साफ केली तरच रुग्णवाहिका दारापर्यंत यायची. आणि ऐन थंडीत ट्रॅक्टर सेल घेईना! आधीच्या हिवाळ्यात एकदा दोन दिवस वाट बुजलेली राहिली होती. वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, त्या दोन रात्री मी ह्यांचा श्वास मोजत बसले होते."

दादाने निदान करून टाकले होते. ट्रॅक्टर सहा व्होल्टांचा आहे, तो बारा व्होल्टांचा करायचा. आपल्याकडे एखाद्याचे बारा वाजवणे म्हणजे काय हे मी त्याला आठवून दिले. पण तो हसला नाही.

आमच्या लहानपणी वडिलांच्या स्कूटरचा दिवा इंजिन मंदावले की मिणमिणायचा आणि अॅक्सिलरेटर पिळला की उजळायचा. व्होल्ट या शब्दाशी माझा परिचय एवढाच. तेव्हा दादाने मला समजावले ते असे. सेल मारताना स्टार्टरला समजा नऊशे वॉट लागतात. सहा व्होल्टांच्या बॅटरीला त्यासाठी दीडशे अँपिअर प्रवाह लोटावा लागतो, बाराच्या बॅटरीला पंच्याहत्तरच. तार आणि तिचे गंजके सांधे मिळून ओहमचा शंभरावा भाग एवढाच विरोध असला, तरी पहिल्या बॅटरीचे दीड व्होल्ट वाटेतच गळतात, म्हणजे चौथा हिस्सा. दुसरीचे गळतात पाऊण व्होल्ट, म्हणजे सोळावा हिस्सा. मी मनात हिशेब मांडला. रुपयातले चार आणे जकातीत जाणार की एकच आणा? त्यात कडाक्याच्या थंडीत बॅटरीची ताकद जेमतेम निम्मी उरते आणि इंजिनातले तेल काकवीसारखे होते. हे ऐकल्यावर मी दादाच्या पंथाला जाऊन मिळालो.

दुसऱ्या दिवशी म्हातारा आला. हा ट्रॅक्टर त्याच्या वडिलांनी नवा कोरा घेतला होता आणि पोरवयात तो याच्याच बैठकीवर नांगरायला शिकला होता. दादाचा बेत ऐकून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "सहा व्होल्टांना काहीएक झालेलं नाही," तो म्हणाला. "चाळीस हिवाळे मी यानेच बर्फ काढला. तार बघ कुठली लावलीय ती!"

तार खरोखरच बारीक होती. मधल्या काळात कुणीतरी बारा व्होल्टांच्या गाडीला शोभेल अशी तार बसवली होती. सहाला ती अंगठ्याएवढी जाड हवी. म्हाताऱ्याने दादाला ती बदलायला लावले. बॅटरीचे एक टोक ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेले असते, तिथला रंग आणि गंज त्याने स्वतः गुडघ्यावर बसून काचकागदाने घासला, लोखंड चकाकेपर्यंत. मग गिअरच्या दांड्याजवळचे बटण दाबले. ट्रॅक्टर पहिल्याच सेलात धडधडू लागला.

म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिले. त्या नजरेत विजय होता, पण त्याहून जास्त विनवणी होती असे मला वाटले. आणि आता दादा बेत सोडून देणार याबद्दल मला शंका उरली नाही.

दादाने बेत सोडला नाही. रात्री जेवताना तो म्हणाला, "त्याचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. पण जानेवारीत बॅटरी उतरली तर मी काय करू? हिची गाडी बारा व्होल्टांची, माझी बाराची, त्याची स्वतःचीसुद्धा बाराची. या सहावाल्याला उसनी वीज द्यायला आसपास कोणी नाही." अमेरिकेतल्या मोटारी १९५५-५६ च्या सुमारास बहुतेक सगळ्या बारा व्होल्टांवर गेल्या, हा मागे राहिला. त्याच्यात बळ पुरेसे होते. त्याला गोत उरले नव्हते.

पुढचा आठवडा मी कंदील धरण्याचे, म्हणजे विजेरी धरण्याचे काम केले. जुना डायनामो आणि त्याचा रेग्युलेटर उतरला, त्या जागी अल्टरनेटर बसला. चौकोनी इग्निशन कॉइल बदलली, कारण सहाची कॉइल बारावर तापून जळते. दिव्यांचे बल्ब बदलले. या ट्रॅक्टरचे धन टोक लोखंडी अंगाला जोडलेले असते. आता तिथे ऋण आले. हे उलटे झाले तर अल्टरनेटर क्षणात निकामी होतो, म्हणून दादाने ते तीनदा तपासले. अँपिअर दाखवणाऱ्या काट्याच्या तारांचीही अदलाबदल झाली. मी विचारले, "मग स्टार्टर उलटा फिरणार नाही का?" नाही फिरत. त्यातले चुंबक आणि मधला फिरणारा भाग, दोन्हींतला प्रवाह एकदमच उलटतो, म्हणून दिशा तीच राहते. दोन नकारांचा होकार! व्याकरणातले एवढे एकच सूत्र मला त्या शेडमध्ये उपयोगी पडले. स्टार्टर मात्र आता जास्त जोराने फिरतो, म्हणून बटण फार वेळ दाबून ठेवायचे नाही.

ट्रॅक्टर झोकात सुरू झाला. दादाने किल्ली बंद केली, आणि तो चालूच राहिला! किल्ली हातात, आणि इंजिन आपले धडधडते आहे. अल्टरनेटरला जागे करणाऱ्या बारीक तारेतून वीज उलट वाटेने कॉइलला पोचत होती. शेवटी दादाने वरचा गिअर टाकला, ब्रेक दाबून धरला आणि क्लच सोडला, तेव्हा कुठे ते गुदमरून थांबले. त्या तारेत एक डायोड घातला की वीज मागे फिरत नाही. डायोड घातला.

म्हातारा त्या आठवड्यात फिरकला नव्हता. शेवटच्या दिवशी एक लाकडी खोके घेऊन आला. उतरवलेला डायनामो त्याने फडक्याने पुसला, रेग्युलेटर, कॉइल, बल्बसुद्धा उचलून खोक्यात मांडले, आणि प्रत्येकाला चिठ्ठी बांधून कुठली तार कुठे होती ते पेन्सिलीने लिहिले. "कुणाला कधी परत लावावंसं वाटलं तर," एवढेच म्हणाला. मूळ पाठ तळटीपेत सांभाळावा तसा तो सांभाळलेला पाहून माझ्यातला मास्तर गहिवरला, हे सांगायला हरकत नाही.

२०१९ च्या जानेवारीअखेर मिशिगनमध्ये आधी बर्फ पडले आणि मग हाडे गोठवणारी थंडी आली. वहिनींचा फोन आला. ट्रॅक्टरची बॅटरी खरेच उतरली होती. "ह्यांना मी बाहेर येऊच दिलं नाही," त्या म्हणाल्या. "माझी गाडी शेडपाशी नेली, तारा जोडल्या, सेल मारला. वाट मीच काढली, भावोजी. जरा वाकडीतिकडी झालीय."

"आणि म्हातारबुवा?"

"संध्याकाळी फोन केला होता त्यांनी. खोकं जमिनीपासून उंचावर ठेवलंय ना, म्हणून विचारत होते."